तुमचा डबा की निन्टेन्डोचा? जुन्या गेम-चिपचा आवाज किती हुबेहूब काढता येतो

डिचोलीच्या एका पेटीवादकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: “लहानपणी घरी कॅसेट घालून खेळायचा टीव्ही गेम होता. त्यातल्या धुना मी तेव्हा ऐकून ऐकून पेटीवर बसवल्या होत्या. आता मुलासाठी लॅपटॉपवर एम्युलेटर घातला. खेळ तेच, पट्टीही जवळपास तीच, पण संगीत नुसतं पळतंय आणि आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा वाटतो. माझे कान चुकतात की एम्युलेटर? या चिपचा आवाज आज किती तंतोतंत काढता येतो? त्यासाठी महागडं एफपीजीएवालं (आतली जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या चिपचं) यंत्र घ्यावं का? दुसरं म्हणजे, गावच्या जत्रेला मुलांचं नाटक बसवतोय, त्यात याच आवाजात माझ्या चाली वाजवायच्या आहेत.”

तुमचे कान ठीक आहेत आणि एम्युलेटरही खोटा नाही. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. तुमचा एका यंत्राची नक्कल करतोय आणि तुम्ही वाढलात दुसऱ्याच यंत्रावर. मी फोंड्यात अॅम्प्लिफायर-मिक्सर दुरुस्त करतो. त्याच टेबलावर टीव्ही गेमचे हे जुने डबे अधूनमधून येतात, आणि ते घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा तुमच्यासारखीच असते.

आपल्याकडे चवथीच्या सुट्टीत जे डबे टीव्हीला लागायचे, त्यातले बहुतेक निन्टेन्डोचे नव्हतेच. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. पुढं तैवान आणि चीनमधून त्याच्या ढीगभर नकला निघाल्या, आणि ‘९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटींसकट आपल्या घरात आल्या त्या याच. मूळ फॅमिकॉममध्ये रिको कंपनीची २ए०३ ही आयसी आहे. प्रोसेसर आणि आवाजाची यंत्रणा दोन्ही एकाच पोटात. तिचं घड्याळ १.७८९७७३ मेगाहर्ट्झवर चालतं. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला सुमारे ६० चित्रं काढायचा आणि गेमचं संगीत सहसा दर चित्रामागे एक पाऊल पुढं जायचं. म्हणजे लय टीव्हीच्या चित्रांवर बांधलेली आणि स्वर चिपच्या घड्याळावर. ही फारकत लक्षात ठेवा, तुमच्या कोड्याची अर्धी उकल तिथंच आहे.

भारतात आणि युरोपात टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा. युरोपसाठी निन्टेन्डोनं २ए०७ नावाची वेगळी चिप काढली, पण तिचं घड्याळ १.६६२६०७ मेगाहर्ट्झपर्यंत उतरलं. त्यामुळं जपानी खेळ तिच्यावर जसाच्या तसा चालवला की लयही मंदावते आणि स्वरही उतरतो. नकला करणाऱ्यांनी इथं डोकं लढवलं. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या यूए६५२७पी या चिपमध्ये आणि तिच्या भावंडांमध्ये घड्याळ १.७७३४४८ मेगाहर्ट्झ ठेवलं, म्हणजे मूळ जपानी घड्याळाला जवळजवळ चिकटून. टीव्हीचा हिशेब मात्र ५० चित्रांचाच.

आता हे पेटीवर बसवून बघा. चौकोनी लहरीचा स्वर काढायचं गणित सोपं आहे: घड्याळाला १६ नं भागा, मग रजिस्टरमधल्या (चिपमधल्या आकडा ठेवायच्या छोट्या कप्प्यातल्या) आकड्यात एक मिळवून त्यानं भागा. रजिस्टरमध्ये २५३ असेल तर मूळ फॅमिकॉम ४४०.४ हर्ट्झ देतो, म्हणजे तुमच्या पेटीवरची पांढरी सहा. तीच कॅसेट पाल नकलेत घातली तर ४३६.४ हर्ट्झ येतात. फरक सुमारे १६ सेंट, अर्ध्या स्वराच्या सहाव्या हिश्शाइतका. पेटी स्वतःच तेवढी इकडंतिकडं असते, म्हणून तुम्हाला पट्टी तीच वाटली. निन्टेन्डोच्या अस्सल युरोपी यंत्रावर मात्र तोच आकडा ४०९.१ हर्ट्झ देतो, काळी चारच्याही खाली. तुमचा डबा तसला असता तर तुम्ही बसवलेल्या धुना आज अख्ख्या अर्ध्या स्वरानं चुकल्या असत्या. लयीचं म्हणाल तर ६० आणि ५० मधला फरक सहाव्या हिश्शाचा. मिनिटाला १५० मात्रांची धून तुम्ही लहानपणी १२५ नं ऐकलीत. मुलगा ऐकतोय ती जपानी संगीतकारानं ठरवलेली लय आहे.

पातळ आवाजाचं कारण वेगळं आहे. या चिपमधल्या चौकोनी लहरीला चार आकार आहेत: एका फेऱ्यात लहर वर किती वेळ राहते त्यावरून १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के. ५० टक्क्यांच्या लहरीत फक्त विषम हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे उपस्वर) असतात, आवाज पोकळ, गुबगुबीत, क्लॅरिनेटच्या वळणाचा. २५ टक्क्यांत सम हार्मोनिकही येतात, फक्त दर चौथा गायब असतो. तो आवाज धारदार, तुम्ही म्हणता तसा नाकातला. (७५ आणि २५ कानाला सारखेच लागतात. लहर उलटी केली एवढंच.) तर नकला करणाऱ्या बऱ्याच चिपांमध्ये २५ आणि ५० या दोन आकारांची अदलाबदल झालेली आहे. संगीतकारानं २५ मागितले की डबा ५० देतो, ५० मागितले की २५. तुमच्या आठवणीतली धून गुबगुबीत होती, कारण तुमच्या डब्यात ती तशीच वाजत होती.

यावरचा उपाय फुकट आहे. मेसेन किंवा एफसीईयूएक्स हा एम्युलेटर घ्या. रीजनच्या यादीत एनटीएससी (जपान-अमेरिकेची ६० चित्रांची पद्धत) आणि पालबरोबर ‘डेंडी’ असा तिसरा पर्याय दिसेल. डेंडी ही रशियात गाजलेली अशीच नक्कल, घड्याळ आपल्या डब्यांसारखं. तो निवडा. मग आवाजाच्या सेटिंगमध्ये ड्यूटी सायकलची, म्हणजे लहरीच्या या आकारांची, अदलाबदल करणारा पर्याय आहे, त्यावर खूण करा. मेसेननं तर तिथं सरळ जुन्या नकलांचा उल्लेख केलाय. एवढ्यानं तुमचं बालपण बरंचसं परत येईल. मुलाला मात्र मूळ लयीतच ऐकू द्या, त्याचा काय दोष!

आता मोठा प्रश्न, ‘किती तंतोतंत’. मला याचं एका टक्क्यात उत्तर देणारी माणसं भेटतात आणि त्यांचं मी फारसं ऐकत नाही. चिपचा जो भाग आकड्यांवर चालतो त्याची नक्कल शंभर टक्के होते. ‘जवळपास’ वगैरे नाही, एकेक बीट (आतला प्रत्येक ० किंवा १) जुळतो. चिपच्या पोटातून आकडे बाहेर पडून त्यांचं व्होल्टेज झालं की तिथून पुढं मात्र नक्कल कुणाची करायची तेच आधी ठरवावं लागतं.

आकड्यांच्या भागाबद्दल एवढी खात्री का, तर या चिपा अॅसिडनं उघडून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे फोटो काढले गेलेत. आधी २ए०३ मधला प्रोसेसर ज्यावर बेतलाय त्या ६५०२ चं काम झालं, मग त्याच पद्धतीनं २ए०३ ची एकेक ट्रान्झिस्टर धरून प्रतिकृती बनली, कॉम्प्युटरवर चालणारी. नॉइज चॅनेल घ्या. खरखर म्हणजे काहीतरी यादृच्छिक असं वाटतं, पण आत १५ बीटांचं एक रजिस्टर फिरत असतं आणि ३२,७६७ पावलांनंतर तीच खरखर पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ते जसंच्या तसं लिहिता येतं. अगदी सुरुवातीच्या काही फॅमिकॉममधल्या चिपांत या नॉइजचा ‘सूर लागणारा’ दुसरा प्रकार नव्हताच. हवी तर त्यांचीही नक्कल करता येते.

तुम्ही पेटीवाले, म्हणून एक खास तुमच्यासाठीची खोड सांगतो. पेटीवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, हे दुःख मी तुम्हाला काय सांगावं. या चिपवर निघते. स्वराचं रजिस्टर ११ बीटांचं, त्यामुळं पांढरी सहाच्या आसपास एकेक पाऊल सुमारे ७ सेंटचं पडतं, खालच्या सप्तकात साडेतीन सेंटचं. कोमल-अतिकोमलाचा खेळ करायला पुरेसं. पण हे ११ बीट दोन तुकड्यांत लिहावे लागतात, खालचे ८ आणि वरचे ३. वरचे ३ लिहिले की चौकोनी लहर जिथं असेल तिथून सोडून पहिल्यापासून सुरू होते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. ही हद्द नेमकी कुठं पडते बघा: २५५ वर ४३७ हर्ट्झ, २५६ वर ४३५.३ हर्ट्झ. म्हणजे पांढरी सहाच्या पायरीवरच! काळी चारवरून पांढरी सहावर मींड घ्या किंवा पांढरी सहावर जरा मोठा कंप द्या, वाटेत टिचकी पडणार. खालच्या सप्तकातली हद्दही अशीच, २१८ हर्ट्झवर. चांगला एम्युलेटर ही टिचकी देतो. टिचकी आली नाही तर तो एम्युलेटर गोड असेल, खरा नाही. कुठलाही एम्युलेटर तपासताना मी आधी हेच ऐकतो.

त्रिकोणी लहरीला ही खोड नाही, ती सुरळीत घसरते. तिच्या दुसऱ्या खोडी आहेत. ती त्रिकोणी म्हणायची, पण असते ३२ पायऱ्यांची, आणि त्या पायऱ्यांमुळंच तिच्या तळाशी बारीक भुणभुण असते. काही एम्युलेटर पायऱ्या घासून गुळगुळीत करतात. कशाला, कोण जाणे.

चॅनेल एकत्र होतात तिथं पहिला खरा पेच येतो. आपल्या मिक्सरवर दोन आवाजांची साधी बेरीज होते. या चिपच्या पोटात ती होत नाही, आवाज एकमेकांना दाबतात. दोन चौकोनी लहरी एका पिनवर आणि त्रिकोणी, नॉइज, डीएमसी हे तिघं दुसऱ्या पिनवर बाहेर पडतात. डीएमसी म्हणजे ढोलकी किंवा आवाजाचे छोटे तुकडे वाजवणारं चॅनेल, त्याची पातळी ० ते १२७. एम्युलेटर लिहिणारे यासाठी मोजमापातून बसवलेलं एक सूत्र वापरतात. त्या सूत्रात डीएमसी शून्यावर असताना त्रिकोणी लहरीची उंची ०.२४६ येते. डीएमसी १२७ वर नेऊन ठेवा, तीच लहर ०.१०७ वर येते. निम्म्याहून कमी, सात डेसिबलनं खाली! त्रिकोणी लहरीला स्वतःचा व्हॉल्यूम नाही, पण शेजारचं चॅनेल तिला असं दाबतं, आणि ढोलकीचा तुकडा संपताना पातळी कुठं थांबली यावर पुढच्या बासचा जोर ठरतो. साधी बेरीज करणारे स्वस्तातले एम्युलेटर इथं उघडे पडतात. सूत्र वापरणारे कानाला कळणार नाही इतके जवळ जातात. तरी ते सूत्र ही सरासरी आहे. चिपच्या पोटातले रेझिस्टर प्रत्येक आयसीत थोडे वेगळे.

दुसरा पेच चिपचा नाही, आपल्या कॉम्प्युटरचा आहे. चिप सेकंदाला जवळजवळ अठरा लाख वेळा टिकटिकते, आपण ऐकतो सेकंदाला ४४,१०० नमुन्यांत. मधलं सगळं टाकून फक्त त्या-त्या क्षणाची पातळी उचलली तर गडबड होते. समजा ४,००० हर्ट्झचा ५० टक्क्यांचा स्वर आहे. त्याचा नववा हार्मोनिक ३६,००० हर्ट्झवर, माणसाला ऐकू न येणारा. पण चुकीच्या पद्धतीनं नमुने घेतले की तो दुमडून ८,१०० हर्ट्झवर उतरतो, आणि ४४,००० हर्ट्झवरचा अकरावा थेट १०० हर्ट्झवर. शिट्टीच्या खाली हम्म! मूळ यंत्रात यातलं काहीच नाही. जुन्या मोबाइल एम्युलेटरांचा किरकिरा, धातूसारखा आवाज बऱ्याचदा यामुळं असतो आणि लोक त्यालाच ‘रेट्रो’ म्हणून दाद देतात. चांगले एम्युलेटर लहरीची प्रत्येक कड नेमक्या क्षणी, पण ऐकू येण्याच्या मर्यादेत बसवून काढतात. हा प्रश्न सुटलेला आहे. तुमच्या एम्युलेटरानं तो सोडवलाय का, ते एखादा चढा स्वर घसरत नेऊन ऐका: स्वर वर जाताना मागून दुसरा कुणी खाली येताना ऐकू आला तर नाही सोडवलेला.

फॅमिकॉमची ही कथा इतर यंत्रांना जशीच्या तशी लागू होत नाही, म्हणून दोन-तीन उदाहरणं. सुपर निन्टेन्डोचा आवाज सोनीनं बनवला, केन कुतारागी यांनी. आठ आवाज, ६४ किलोबाइट मेमरी, आणि शेवटी बाहेर येतात ते सरळ डिजिटल आकडे, जे वेगळ्या आयसीत जाऊन व्होल्टेज होतात. त्यामुळं तुलना आकड्याची आकड्याशी करता येते आणि तिथं नक्कल बीटसकट जुळते. गंमत अशी की अडखळतं ते घड्याळ. कागदावर सेकंदाला ३२,००० नमुने, पण त्या घड्याळात क्वार्ट्झ नाही, सिरॅमिक रेझोनेटर आहे. प्रत्यक्षातली यंत्रं थोडी पुढं धावतात आणि तापली की आणखी थोडी. बऱ्याच एम्युलेटरांत म्हणून ३२,०४० च्या आसपासचा आकडा असतो.

सेगाच्या मेगाड्राइव्हमध्ये यामाहाची वायएम२६१२, एफएम पद्धतीची (एका लहरीनं दुसरी हलवून आवाज काढणारी) चिप, सहा चॅनेलची. तिच्या पोटातला ९ बीटांचा डीएसी (आकड्यांचं व्होल्टेज करणारा भाग) शून्याजवळ अडखळतो, त्यामुळं हळू स्वर विरताना त्याला खरखरीत कड येते. पुढच्या काही मॉडेलांत आलेल्या वायएम३४३८ मध्ये ती कड जवळजवळ नाही. सेगाचा ‘खरा’ आवाज यातला कुठला? दोन्ही सेगाचेच. चांगल्या एम्युलेटरात चिप निवडता येते, आणि मी पहिली निवडतो, कारण त्या काळच्या बऱ्याच चाली तिच्यावर बांधल्या गेल्या.

कोनामीनं एका फॅमिकॉम कॅसेटमध्ये, १९९१ च्या ‘लॅग्रांज पॉइंट’मध्ये, व्हीआरसी७ नावाची एफएम चिप घातली होती. तिच्या आत पक्के कोरलेले १५ वाद्यांचे नमुने आहेत. ते वाचता येत नव्हते, म्हणून वर्षानुवर्षं लोकांनी कानानं ऐकून, जुळवून त्यांचे आकडे बसवले. २०१९ साली चिपच्या एका चाचणी-मोडमधून ते आकडे थेट बाहेर काढता आले. कानानं बसवलेले आणि खरे शेजारी ठेवून ऐकलं तर थक्क व्हायला होतं, इतके ते जवळ होते. इतके जवळ, पण तेच नव्हेत.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक मात्र कन्सोलमधलं नाही, कमोडोर ६४ या १९८२ सालच्या होम कॉम्प्युटरमधलं आहे: एमओएस ६५८१, म्हणजे एसआयडी. तिच्यात खराखुरा अॅनालॉग, म्हणजे आकड्यांवर नव्हे तर व्होल्टेजवर चालणारा, आवाज छाटणारा फिल्टर आहे आणि उत्पादनातल्या फरकामुळं तो प्रत्येक चिपमध्ये वेगळा उघडतो. एकाच्या घरी घुमणारा आवाज दुसऱ्याच्या घरी गुदमरलेला. संगीतकारानं फिल्टर लावला तो त्याच्या टेबलावरच्या चिपला ऐकून. तिथं ‘हुबेहूब’ म्हणायचं तर चिपचा अनुक्रमांक सांगावा लागेल.

परत आपल्या डब्याकडं. चिपमधून बाहेर पडल्यावरचा रस्ता मूळ यंत्रातही सारखा नव्हता. फॅमिकॉमच्या अमेरिकी रूपात, म्हणजे एनईएसमध्ये, खालचे स्वर छाटणारे दोन टप्पे आहेत, ९० आणि ४४० हर्ट्झच्या आसपास, आणि वर १४ किलोहर्ट्झला एक. फॅमिकॉममध्ये खालच्या बाजूला एकच टप्पा, तोही ३७ हर्ट्झवर. म्हणून फॅमिकॉमचा बास जास्त भरलेला लागतो. आपल्या नकलांमध्ये काळ्या थेंबाखाली झाकलेली चिप, दोन-तीन रेझिस्टर, एखादा ट्रान्झिस्टर आणि आरएफचा (टीव्हीच्या अँटेनात घालायचा सिग्नल बनवणारा) पत्र्याचा डबा. तिथून अँटेनाच्या वायरीतून टीव्हीत आणि टीव्हीच्या लंबगोल स्पीकरमधून तुमच्या कानात. या स्पीकरला शंभर हर्ट्झखाली काही देता यायचं नाही. आरएफमधून चित्राची घरघर आवाजात मिसळायची, पडदा पांढरा झाला की मोठी व्हायची.

त्यात आपली हवा. किनारपट्टीवरच्या डब्यांची पीसीबी (आतली सर्किटची पट्टी) मी उघडतो तेव्हा तांब्यावर हिरवट थर ठरलेला, आणि आवाजाच्या वाटेवरचा कंडेन्सर वाळलेला. यातून आवाज फक्त बारीक होत नाही, बास जातो. १ मायक्रोफॅरड आणि १० किलोओहम मिळून १६ हर्ट्झखालचं छाटतात. कंडेन्सर वाळून दहाव्या हिश्शावर आला की १६० हर्ट्झखालचं सगळं उतरू लागतं. म्हणून “माझ्याकडं अस्सल यंत्र आहे, त्याच्याशी जुळवून बघितलं” असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, कंडेन्सर कधी बदलले? तीसेक वर्षांच्या डब्याचा आजचा आवाज म्हणजे त्याचा तेव्हाचा आवाज नव्हे.

मोजूनच बघायचं असेल तर डब्याचं आउटपुट आणि एम्युलेटरचं आउटपुट रेकॉर्ड करा, एकाची लहर वरची खाली अशी उलटी करा (मागून पुढं नव्हे) आणि बेरीज करा. सारखे असतील तर शांतता उरायला हवी. पण दोन घड्याळांत लाखामागे पाचचा फरक असला तरी मिनिटभरात दोन्ही रेकॉर्डिंग ३ मिलिसेकंदांनी सरकतात, म्हणजे सव्वाशेहून जास्त नमुने. शांततेऐवजी फुसफुस ऐकू येते आणि लोक एम्युलेटरला नावं ठेवतात. आधी लांबी जुळवून घ्या, मग वजाबाकी.

एफपीजीएचं यंत्र घ्यावं का? आवाजासाठी नको. डीई१०-नॅनो बोर्डावरचं मिस्टर किंवा ‘अॅनालॉग’ नावाच्या कंपनीची कन्सोलं उत्तम आहेत, पण त्यांचा फायदा उशीर कमी होण्यात आहे. बटण दाबल्यावर उडी आणि आवाज लगेच मिळतो, कारण मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम आणि मोठा बफर नाही. एफपीजीएच्या आतही सगळे आकडेच, तिथं कुणी जपानी रेझिस्टर नेऊन बसवलेला नाही. मघाचं मिश्रणाचं सूत्र तिथंही सूत्र म्हणूनच लिहावं लागतं, आणि लिहिणाऱ्याचं ज्ञान तेच असतं जे एम्युलेटर लिहिणाऱ्याचं. ‘हार्डवेअर आहे म्हणून खरं’ ही जाहिरातीची भाषा झाली. लॅपटॉपवर एक बारीकशी गोष्ट मात्र बघा: मूळ यंत्राची चित्रं सेकंदाला ६०.०९८८ आणि तुमच्या पडद्याची ६०, म्हणून काही एम्युलेटर आवाज किंचित ताणून जुळवतात. फरक ३ सेंटच्या आत. तानपुऱ्याशी मिळवायचं नसेल तर सोडून द्या.

राहिलं नाटक. चाली तुमच्या स्वतःच्या आहेत हे उत्तम. फॅमिट्रॅकर हे या चिपच्या आवाजात चाली लिहायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. जास्त चिपा हव्या असतील तर फर्नेस. फॅमिट्रॅकरमध्ये यंत्र एनटीएससीच ठेवा. पाल निवडलंत तर तो निन्टेन्डोच्या युरोपी घड्याळाचा हिशेब धरेल, आपल्या डब्याचा नव्हे. फक्त इंजिनचा वेग ५० करा, म्हणजे कंप, व्हॉल्यूमचे उतार आणि स्वरांची झटपट उलटापालट सेकंदाला ५० पावलांनी होईल. डब्याच्या आवाजातला जो किंचित जडपणा तुम्हाला आठवतो तो थोडा तिथूनही येतो. मुख्य सुरावटीला २५ टक्के देऊ नका, ५० द्या. फॅमिट्रॅकरमध्ये तो व्ही०२. मींड हवी तिथं त्रिकोणी लहर वापरा, नाहीतर पट्टी अशी धरा की पांढरी सहाची हद्द मींडेच्या वाटेत येणार नाही. काळी एक धरून गात असाल तर पांढरी सहा म्हणजे कोमल धैवत. भैरवाच्या अंगाची चाल असेल तर धैवतावरच्या आंदोलनात टिचक्या ऐकू येतील. पट्टी एक स्वर वर घेतलीत की सुटका.

एक गोष्ट साउंडवाल्याला आधीच सांगून ठेवा. त्रिकोणी लहर खाली २७ हर्ट्झपर्यंत जाते. घरच्या टीव्हीवर ती कधी कुणाला ऐकू आली नाही, पण जत्रेच्या पटांगणात देवळासमोर मोठे बास बिन लावलेले असतात आणि तिथं ती निघाली की पहिल्या रांगेतल्या बायकांच्या खुर्च्या हलतील. या ट्रॅकच्या चॅनेलवर १०० हर्ट्झचा लो-कट टाका, वरून ८ किलोहर्ट्झच्या पुढचं थोडं उतरवा आणि डावं-उजवं न करता मोनोच सोडा. डबा मोनोच होता.